सिनिशाच्या घरचे पाहुणे

आमच्या दुकानातली चाकं चोरीला गेली ती भर दुपारी, आम्ही सगळे घरी जेवत असताना.

ऑक्टोबरची एकतीस तारीख, संत लूकाचा दिवस. आमच्या घराण्याचा संत तोच, म्हणून आमची स्लावा, घराण्याचा सण, त्याच दिवशी. सकाळी पाद्री येऊन पाव कापून गेले, मोठी मेणबत्ती लागली आणि अकरापासून माणसं यायला सुरुवात झाली. स्लावाला कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो बाटली घेऊन येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे घराण्याची नाचक्की. दुपारी दोन वाजता आमच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं होती. दुकानाशेजारचा न्हावी आमच्याकडे, समोरची फुलवाली आमच्याकडे, पेट्रोलपंपावरचा माणूससुद्धा उभ्याउभ्या एक पेला घेऊन जातो म्हणून आला आणि सार्मा, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, खात बसला. म्हणजे दुकानावर ज्यांची नजर असते ती सगळी माणसं आमच्याच टेबलावर.

दुकान सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं. वुकाशिन टायरवाले म्हटलं की ब्रेस्तनिकमध्ये पत्ता सांगावा लागत नाही. घरापासून चारशे पावलं, हमरस्त्याला. एप्रिलमध्ये लोक गाडीची हिवाळी चाकं काढून त्यांच्याकडे ठेवायला देतात आणि नोव्हेंबर लागला की ती चढवून उन्हाळी ठेवून जातात. घरात चार चाकं ठेवायला जागा कुणाला असते? त्या दिवशी मागच्या खोलीत छत्तीस गाड्यांची चाकं रचलेली होती. प्रत्येकावर बाबांच्या हातचा खडू: कुणाचं, पुढचं की मागचं, डावं की उजवं.

संध्याकाळी बाबा सवयीने दुकानाकडे चक्कर मारायला गेले. कुलूप कापलेलं. चाकं नाहीत, हवेचा कॉम्प्रेसर नाही, दोन्ही जॅक नाहीत. आणि शटर मात्र पार खालपर्यंत, नीट ओढून घेतलेलं. मला त्या ओढलेल्या शटरची सगळ्यात जास्त भीती वाटली. ज्याला घाई असते तो शटर ओढत नाही. त्यांना माहीत होतं की कुणी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली. कुणी आरडाओरडा केला नाही. बिल्याना शिक्षिका म्हणाली, "असू द्या, वुकाशिनकाका, तुमचा काय दोष?" आणि तिने उन्हाळी चाकांवरच गाडी वळवली. ती रोज घाट चढून वरच्या शाळेत जाते.

"देईन," बाबा प्रत्येकाला सांगत होते. "बर्फ पडायच्या आत देईन."

कसं देणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ते दुकानात जाईनासे झाले. स्वयंपाकघरात खिडकीशी बसायचे आणि डोंगराकडे बघायचे. माझा नवरा बोयान रात्रीच्या जेवणानंतर परदेशात, लिंझला असलेल्या चुलतभावाशी फोनवर बोलायला बाहेर जाऊ लागला. फोनवर बोलायला माणूस बाहेर जातो तेव्हा काय बोलतो, हे कळायला ऐकावं लागत नाही.

"तिथे गोदामात लगेच काम आहे," एकदा तो म्हणाला. "बाबांचं नाव गेलं तर या गावात टायरला हात लावायला कोण देणार आहे आपल्याला?"

"अजून गेलं नाही," मी म्हटलं. लेंका माझ्या मांडीवर झोपली होती, चौदा महिन्यांची. तिला परक्या गावात, परक्या भाषेत बोलायला शिकवायचं माझ्या मनात नव्हतं.

मग एका सकाळी मी लेंकाच्या लशीची तारीख बघायला स्वयंपाकघरातलं चर्चचं कॅलेंडर उघडलं. असं कॅलेंडर प्रत्येक घरात टांगलेलं असतं, सणवार लाल अक्षरांत. माझं बोट ऑक्टोबरच्या तळापासून वर जात होतं. एकतीस, लूका, आम्ही. सत्तावीस, संत पेत्का. आमच्याआधी ब्लागोये सुताराकडे चोरी झाली, रंधा यंत्रं आणि करवती गेल्या, ती कधी? सत्तावीसला. ब्लागोयेची स्लावा पेत्काची. वीस तारीख, संत सर्जियस. गवंड्याच्या आवारातल्या लोखंडी परांच्या गेल्या त्या वीसला, तो आणि त्याचे पाचही भाऊ टेबलाशी बसलेले असताना.

मी लेंकाला गाडीत घातलं आणि पोलीस ठाण्यात गेले.

इन्स्पेक्टर व्लाइको बाबांचंच गिऱ्हाईक, त्याचीही चाकं त्या छत्तिसात होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"नेवेना, अगं, हिवाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे दिवसाआड कुणाची तरी स्लावा असतेच. उद्या तू म्हणशील चोर रविवार बघून येतात."

"आठ तारखेला मित्रोव्दानचा सण आहे," मी म्हटलं. "मित्रोव्दानची स्लावा असलेला आणि ज्याच्याकडे उचलून नेण्यासारखं काही आहे असा धंदेवाला गावात एकच. गाड्या धुणारा त्रिफुन."

"बरं. बघतो."

त्याने बघितलं नाही. आठ तारखेला दुपारी त्रिफुन पाहुण्यांना वाइन ओतत असताना त्याचे पाण्याचे दोन्ही पंप आणि एका गिऱ्हाइकाच्या उभ्या गाडीची चारही चाकं गेली. गाडी विटांवर ठेवलेली, तीसुद्धा काळजीपूर्वक, रंगाला ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशी व्लाइको स्वतः आमच्या दारात उभा. टोपी हातात.

"आता कोण?" त्याने विचारलं.

मी तयार होते. "एकवीस. देवदूत मिहाएलाचा दिवस. बांधकामाचं सामान विकणारा मिलुतिन. सगळ्यात मोठं आवार त्याचं. क्रेन, मिक्सर, दोन ट्रक. ते त्याला सोडणार नाहीत."

एकवीस तारखेला व्लाइकोची माणसं दोन साध्या गाड्यांत बसून मिलुतिनच्या आवाराकडे डोळे लावून होती. मी, सासूबाई आणि लेंका मिलुतिनच्या घरी पाहुण्या म्हणून गेलो होतो. मी मुद्दाम खिडकीजवळची खुर्ची धरली. तिथून आवाराचं फाटक दिसत होतं. बारा वाजले, एक वाजला. फाटकाशी एक मांजर येऊन गेलं, बस.

आणि जेवण येत नव्हतं. मिलुतिनची बायको तिसऱ्यांदा सॅलड फिरवत होती. शेवटी दीडच्या सुमाराला भाजलेलं डुक्कर आलं, आणि तेही कोमट.

"माफ करा, मंडळी," मिलुतिन वैतागून म्हणाला. "भट्टीवाल्याकडे आज नवा माणूस. त्याला आमचं घरच सापडेना. नेहमीचा सिनिशा आज सुट्टीवर आहे, त्याचीच स्लावा आहे म्हणे आज."

माझा काटा हातातच राहिला.

सिनिशा. गावात भाजलेलं डुक्कर-बकरू घरोघर पोचवणारा. आमच्या स्लावाला अकरा वाजता तोच मोठा ट्रे घेऊन आला होता. घाम पुसत म्हणाला होता, "जेवायला किती वाजता बसणार, काकू? म्हणजे तोवर झाकू नका, कातडी मऊ पडेल नाहीतर." आणि मग बाबांकडे वळून, "दुकान बंद करून आलात ना, काका? आज तरी आराम करा." केवढा आपुलकीचा माणूस! सासूबाईंनी त्याला राकियाचा पेला दिला होता. तो पेला तोंडाला लावताना त्याची नजर दारामागच्या खिळ्यावर, दुकानाच्या किल्ल्यांवर गेली होती. तेव्हा मला वाटलं, बघतोय आपला. मला तर सगळेच बघताना दिसतात.

सुतार, गवंडी, त्रिफुन. सगळ्यांचं डुक्कर त्याच भट्टीचं. कोण कधी बसणार, किती जण येणार, कुत्रं कुठे बांधलंय, सगळं त्याला आपण होऊन सांगितलेलं. आणि आज गावातलं सगळ्यात लठ्ठ सावज समोर असताना कुणी आलं नाही, कारण आज त्याला स्वतःच्या टेबलाशी उभं राहायचं होतं. यजमान स्लावाच्या दिवशी घर सोडत नाही. चोर झाला म्हणून काय झालं?

मी लेंकाला उचललं आणि बाहेर जाऊन व्लाइकोच्या गाडीची काच वाजवली. त्याला सगळं सांगितलं.

त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "पटतंय," म्हणाला. "पण न्यायाधीशाच्या कागदाशिवाय मी त्याच्या अंगणात पाय ठेवू शकत नाही. उद्या सकाळी मिळेल."

"उद्या सकाळी तो सगळा माल ट्रकमध्ये भरून मोकळा होईल. तीन आठवडे झालेत. माल अजून इथे असला तर आजच आहे."

"मग मी काय करू? भिंतीवरून उडी मारू?"

"तुम्ही नका मारू. आज त्याची स्लावा आहे. मला कागद लागत नाही."

सासूबाईंना, स्तामेंका त्यांचं नाव, मी गाडीत बसल्यावर सांगितलं. त्यांनी आधी स्वतःवर क्रॉस काढला, मग डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"त्याची आई दारिंका. आम्ही एका शाळेत होतो," त्या म्हणाल्या. "साधी बाई आहे. तिला काही माहीत नसणार."

"मग आपण तिला भेटायला चाललो आहोत, आई."

"रिकाम्या हाताने नाही जायचं."

वाटेत आम्ही वाइनची बाटली, कॉफीचं पाकीट आणि पाच फुलं घेतली. चोराच्या घरी जायचं म्हणून फुलं सम आकड्यात घेऊन कसं चालेल? सम फुलं मयताला.

सिनिशाचं घर नदीपलीकडच्या वस्तीत, शेवटचं. अंगणात सात-आठ गाड्या. मागे लांबलचक कोठार, त्याला नवंकोरं कुलूप. मी दारातून आत शिरताना तेवढं बघून घेतलं, आणि हेही की कुत्रं बांधलेलं आहे आणि साखळी लेंकापर्यंत पोचत नाही.

"स्लावा सुखाची होवो, यजमान!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

सिनिशा पांढऱ्या शर्टात, हातावर नॅपकीन टाकून पाहुण्यांमध्ये उभा होता. यजमान त्या दिवशी बसत नाही. आम्हाला बघून त्याचा चेहरा क्षणभर भिंतीसारखा झाला. मग तो हसला. दुसरं काय करणार?

"या, या. केवढा मान दिलात."

दारिंकाकाकू तर धावतच आली. बुटकी, गोल, डोळ्यांत पाणी. "स्तामेंका! तू? माझ्या घरी? अगं, आज सूर्य कुठून उगवला!" आणि तिने आमच्यासमोर गोड गव्हाचं ताट धरलं. मी क्रॉस काढला, एक चमचा खाल्ला. अक्रोड भरपूर होता, चांगला शिजला होता. चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला. आता मी रीतसर पाहुणी होते, आणि तो रीतसर यजमान.

खोली गच्च भरलेली. नातेवाईक, शेजारी, आणि टेबलाच्या टोकाला दोन धिप्पाड गडी, त्याच्या बायकोचे भाऊ, राकिया पीत बसलेले. आम्हाला भिंतीलगतच्या लांब बाकावर जागा मिळाली. बाकावर लाल-काळा विणलेला गालिचा अंथरलेला, दोन्हीकडून जमिनीपर्यंत लोंबणारा. बाक किंचित लवचीक होता. मला आवडला नाही. मी लेंकाला घट्ट धरलं.

तिने दोन मिनिटांत हातातलं बिस्किट खाली टाकलं आणि ते गालिच्याखाली गेलं. मी वाकले, गालिचा उचलला.

फळी. फळीखाली एकावर एक आडवी ठेवलेली दोन चाकं. वरच्या चाकाच्या रबरावर खडूने लिहिलेलं: बिल्याना शिक्षिका, मागचं डावं.

बाबांचं अक्षर मी कुठेही ओळखेन.

मी बिस्किट उचललं, पुसलं, सरळ बसले. मान वर केली तेव्हा सिनिशा माझ्याकडे बघत होता.

तो बाटली घेऊन जवळ आला. "वहिनी, बाळाला घेऊन इथे कशाला अवघडता? खुर्चीवर बसा ना. मी उठवतो कुणालातरी."

"नको नको. मी इथे बरी आहे."

"फळी आहे ती. टोचत असेल."

"छे! इतका मऊ बाक मी पाहिला नाही."

"बसू दे की तिला!" दारिंकाकाकू सार्म्याची थाळी घेऊन मध्येच आली. "मीच केलाय तो. खुर्च्या पुरेनात. हा वाइन आणायला गेलेला, माणसं दारात उभी. कोठाराची किल्ली याच्या जुन्या कोटात. उघडलं तर चाकांचा हा ढीग! म्हटलं, एवढी कसली रद्दी जमवतोयस रे? पण आज कामाला आली बघा. शेजाऱ्यांच्या पोरांकडून आणवली, फळ्या टाकल्या, माझ्या लग्नातला गालिचा घातला. कोण म्हणेल?"

"कुणी नाही म्हणणार, काकू," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

पाहुण्याला उभं ठेवायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. तो परत आला तेव्हा बाकावर माणसं बसली होती. बसलेल्या पाहुण्याला उठवायचं कसं? तेव्हापासून तो सकाळभर त्या बाकाभोवती बाटली घेऊन घिरट्या घालत असणार.

मी फोन काढला, टेबलाखाली धरून बोयानला लिहिलं: "सिनिशाच्या घरी आहे. चाकं इथेच आहेत, मी त्यांच्यावर बसले आहे. बाबांना घेऊन ये. व्लाइकोला आण. ब्लागोये, त्रिफुन, गवंडी, सगळ्यांना आण. बाटल्या घेऊन या." मग फोन ठेवून मी सार्मा खाल्ला.

"उठू नका, आई," मी सासूबाईंच्या कानात म्हटलं. "काही झालं तरी या फळीवरून उठायचं नाही."

"मला उठवून तर दाखवू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अजून थोडी वाइन मागितली.

बायकोच्या भावांपैकी एक आमच्याकडे आला. "बाळाला कोंबड्या दाखवू का? मागे अंगणात आहेत."

"तिला सर्दी आहे."

"मग तुम्ही जेवून निघत असाल."

"आत्ताच तर आलो."

त्याने सिनिशाकडे बघितलं. सिनिशाने खांदे उडवले. खोलीत पंचवीस साक्षीदार आणि मेणबत्ती जळते आहे. हाताला धरून बाईला बाहेर काढणार कोण?

पाऊण तासाने दार उघडलं आणि बाबा आत आले. वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांनी चांगला कोट घातला होता. "स्लावा सुखाची होवो, यजमान." मागे बोयान, बाटली पुढे धरून. मग ब्लागोये सुतार. मग त्रिफुन आणि त्याची बायको. मग गवंडी, आणि त्याचे पाचही भाऊ. प्रत्येक जण मान झुकवत होता, गहू खात होता, फुलं देत होता. दारिंकाकाकूचे हात पुरेनात. तिच्या गालांवर लाली चढली होती.

"सिनिशा, बघ तरी! अख्खं ब्रेस्तनिक आलंय! तुझ्या बापाच्या वेळीसुद्धा इतकी माणसं आली नव्हती!"

सगळ्यात शेवटी व्लाइको आला. साध्या कपड्यांत, हातात घरच्या प्लमच्या राकियाची बाटली. "कामावर नाही आज," तो दारातच म्हणाला. "पाहुणा म्हणून आलोय."

आता खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दहा-बारा माणसं भिंतीला टेकून उभी.

"अरे, उभा काय राहिलास मख्खासारखा?" दारिंकाकाकू मुलावर ओरडली. "माणसं उभी आहेत! कोठारातून चाकं आण अजून, एक बाक होईल."

"आई, पुरेत. जागा नाही."

"जागा माझी मी बघते. फळी ओसरीवर आहे. चाकं आण!"

"आई, ती मळकी आहेत..."

"मळकी असू दे, गालिचा घालू. माझ्या घरी स्लावाला माणूस उभा राहणार? इन्स्पेक्टर साहेब उभे आहेत, लाज वाटत नाही तुला?"

 ब्लागोये छताकडे बघत होता. बाबा सिनिशाकडे. सिनिशाच्या कपाळावर घाम, हातातला नॅपकीन पार चुरगळलेला. त्याने आईकडे बघितलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्याने दोन्ही गोष्टी मनात धरून पाहिल्या: चाकं बाहेर काढायची, की स्वतःच्या आईला सगळ्या गावासमोर सांगायचं की का काढता येत नाहीत.

"आणतो," तो म्हणाला.

"मी मदत करतो," व्लाइको म्हणाला. "यजमानाने सांगितलं तरच. येऊ का कोठारात?"

"या," सिनिशा म्हणाला.

बायकोचे भाऊ उठायला लागले, पण गवंड्याचे पाच भाऊ नेमके दारात उभे होते आणि त्यांना पटकन बाजूला होणं जमेना.

सिनिशाने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. मी बाकावरून उठले नाही, पण खिडकीतून दिसत होतं. तो दोन काखांत दोन चाकं घेऊन अंगणातून येत होता आणि मागून व्लाइको दोन, आणि व्लाइकोच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, कारण त्याच्या हातात त्याचीच चाकं होती. बाक तयार झाला. गालिचा नव्हता, म्हणून दारिंकाकाकूने पलंगावरची चादर आणली. सगळे बसले. व्लाइकोनेही बसून गहू खाल्ला, चमचा पाण्यात ठेवला.

मग तो हळू म्हणाला, "सिनिशा, मेणबत्ती तू विझवायची असते. विझव. मग जाऊ."

सिनिशाने मेणबत्तीवर वाइनचे थेंब सोडले. ज्योत चुरचुरली. दारिंकाकाकूला तेव्हा कळलं. कसं कळलं कोण जाणे. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. ती चादरीकडे बघत राहिली, मग वाकून तिने तिचं टोक उचललं आणि खडूचं अक्षर वाचलं.

त्यानंतर पोलिसांच्या गाड्या आल्या, तिघांना घेऊन गेल्या. पाहुणे उठून चाकं भरायला लागले. बाबा अंगणात उभे राहून नावं वाचत होते, मोठ्याने, जणू हजेरी घेत होते: "बिल्याना, चार. पोस्टमन, चार. व्लाइको, चार..." त्यांच्या आवाजात पहिल्यासारखा जोर आला होता. ब्लागोयेची रंधा यंत्रं सापडली नाहीत, ती केव्हाच विकली गेली होती. कॉम्प्रेसर सापडला. जॅक एकच.

सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात दारिंकाकाकूजवळ बसलो. ती भांडी घासत होती.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"आणि तरी माझे गहू खाल्लेत?"

"खाल्ले, काकू. तुमच्यासाठी खाल्ले."

सासूबाईंनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पुसायला लागल्या. भांडी संपेपर्यंत आम्ही थांबलो. निघताना तिने स्लावाच्या पावाचा तुकडा फडक्यात बांधला, माझ्याकडे न बघता लेंकाच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

छत्तिसातल्या एकतीस गाड्यांची चाकं पुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच दुकानासमोर रांग होती. बोयानने दिवसभर नट आवळले, लिंझचा फोन दोनदा वाजला आणि त्याचे हात काळे होते. दुपारी डोंगरावर बर्फ उतरला तेव्हा बिल्याना शिक्षिका हिवाळी चाकांवर घाट चढून गेली होती.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "पाच घरं राहिली. त्यांना तोंडाने सांगितलं पाहिजे. चल, नेवेना."

चार घरांत आम्हाला कॉफी मिळाली आणि बरं म्हणून मान हलवली गेली. मान हलवणं म्हणजे काय, ते एप्रिलमध्ये चाकं ठेवायला येतात की नाही तेव्हाच कळणार होतं. पाचवं घर गोर्दानाचं, पोस्टाच्या खिडकीवर बसणारी, फटकळ बाई. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"माझी नाही सापडली, म्हणजे?"

"नाही. मी दुसरी आणून देईन," बाबा म्हणाले. "वेळ लागेल."

"मी गेल्या आठवड्यातच घेतली नवी. तुमची वाट बघत बसले असते तर दरीत असते." तिने दारामागच्या खिळ्यावरून गॅरेजची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "उन्हाळी तिथे पडली आहेत, माझ्या सायकलच्या वाटेत. घेऊन जा ठेवायला. आणि डावं-उजवं नीट लिहा, मागच्या वेळी तुम्ही एकावर लिहिलंच नव्हतं."

बाबांनी कोटाच्या खिशात हात घातला. खडू होता. गॅरेजमध्ये त्यांनी मला दिवा धरायला सांगितला, गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या चाकावर लिहायला लागले.